साहेब समोर बसले होते

“शलाका, अगं बाहेर ये, तुझे साहेब आलेत!” आईंनी दारातूनच हाक मारली आणि माझ्या हातातली कोथिंबिरीची जुडी थेट ओट्याखाली गेली.

साहेब म्हणावं असा माझ्या आयुष्यात एकच माणूस होता आणि त्याला माझा पत्ता ठाऊक नव्हता. निदान माझी तरी तशी समजूत होती. नोकरी सोडल्यावर आम्ही इंदिरानगरात राहायला आलो होतो, मी फोन नंबर बदलला होता, कॉलेज रोडवरच्या त्या ऑफिसवरून जायला नको म्हणून रिक्षावाल्याला मुद्दाम लांबच्या रस्त्यानं न्यायला सांगत होते. एवढा सगळा खटाटोप करून माणूस आपला दारात उभा, हातात पेढ्यांचा पुडा, आणि माझ्या सासूबाई त्याला म्हणतायत, “या ना, या. बूट असू द्या हो, काही काढू नका.”

शैलेंद्र बोकील. नाशिकच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत मी काही वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. उंच माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोंडावर कायम हसू. त्यांचा आवाज कधीच चढायचा नाही. उलट रागावले की तो खाली यायचा, आणि जितका खाली यायचा तितकी आमची मान खाली जायची.

“काय शलाका, ओळख आहे ना?” ते सोफ्यावर बसत म्हणाले.

“हो सर. तुम्ही इकडे कसे?”

“तूच बोलावलंस की!” ते आईंकडे बघून हसले. “नवी नोकरी धरतेय तुमची सून. त्या लोकांनी मला मेल पाठवलाय, की ही बाई तुमच्याकडे कशी होती ते सांगा. नाव, फोन, राहण्याचा पत्ता, सगळं व्यवस्थित लिहिलंय त्यात. म्हटलं, मेलवर काय उत्तर द्यायचं, भेटूनच येऊ.”

आई खूश झाल्या. आणि मी तिथंच, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिले.

ही नोकरी म्हणजे काय होतं ते सांगायला हवं. रेवाच्या जन्माआधी मी काम सोडलं ते सोडलंच. ती खेळगटात जायला लागल्यावर पुन्हा शोधायला निघाले, तर ज्याला-त्याला मधल्या वर्षांचाच प्रश्न. इतकी वर्षं काय करत होता? लोक तोंडावर गोड बोलायचे आणि पुन्हा फोन करायचे नाहीत. मी रडून, चिडून, शेवटी नाद सोडून दिल्यावर पुण्याच्या एका कंपनीनं होकार दिला. घरून काम. फक्त शेवटची एक पायरी बाकी होती. शेवटच्या साहेबाकडे चौकशी. ती झाली की पक्कं पत्र मिळणार होतं. शेवटचे साहेब हे माझ्यासमोर बसले होते आणि आईंनी दिलेलं पाणी पीत होते.

“आई, चहा टाकता का?” मी म्हणाले. त्या आत गेल्या आणि सरांनी ग्लास खाली ठेवला.

“बस,” ते म्हणाले. आवाज खाली आला होता.

मी बसले. माझ्याच घरात, त्यांनी सांगितलं म्हणून.

“मी अजून त्यांना उत्तर दिलेलं नाही,” ते म्हणाले. “म्हटलं, आधी आपलं बोलणं होऊ दे. मीसुद्धा नवी नोकरी बघतोय. हैदराबादला.” त्यांनी कंपनीचं नाव सांगितलं. जगात कुणालाही विचारा, ज्याच्या हातात फोन आहे त्याला ते नाव माहीत असतं. “दीडशे माणसं असतील हाताखाली. सगळं झालंय, मुलाखती, पगार, सगळं. पण या मोठ्या कंपन्यांची एक गंमत असते बघ. नुसतं वरच्या साहेबांना विचारून यांचं भागत नाही. हाताखाली काम केलेल्यांनाही फोन करतात. त्यात एक तरी बाई पाहिजे म्हणाले.”

मला ते का आलेत ते तेव्हा कळलं. आमच्या टीममध्ये बाई अशी मीच होते.

“नचिकेतचं नाव दिलंय, गुरवचं दिलंय आणि तुझं. त्या दोघांचे फोन होऊन गेले. फर्स्ट क्लास बोलले. तुझा आत्ता येईल.”

“आत्ता?”

“त्यांनी वेळ विचारली, मी सांगितली. म्हटलं तू सकाळी घरीच असतेस.”

ते पुढे वाकले आणि शाळेत पाढे घोकून घेतात तसं माझ्याकडून घोकून घ्यायला लागले. सर टीमला कुटुंबासारखं जपतात. सर अडचणीत स्वतः पुढे होतात. सरांनी आम्हाला कधी एकटं सोडलं नाही.

“म्हण.”

मी म्हणाले.

“असं मेल्यासारखं नको. जरा मनापासून. आणि एखादा प्रसंग सांगा म्हणतात ते. तू सिंगापूरच्या डेमोचा सांग.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मला वाटलं होतं, त्या दिवसाबद्दल निदान बोलायची तरी त्यांना लाज वाटत असेल. छे! ते चक्क कौतुकानं बोलत होते.

“काय दिवस होता तो! गिऱ्हाईक ऑनलाइन बसलेलं, रिपोर्ट चुकीचा येतोय, सगळे हातपाय गाळून बसलेत. आणि आपण काय केलं? शांत राहून तुला वेळ दिला. तुला कुणी त्रास देणार नाही अशी सोय केली. सगळ्यांना बिर्याणी मागवली. आणि शेवटी तुझ्यासाठी टाळ्या. नचिकेतनं हेच सांगितलं, गुरवनंही. तूही हेच सांगायचं. ज्याच्यावर गुदरलं त्यानंच सांगितलं की कसं, वजन येतं.”

‘गुदरलं’ हा शब्द त्यांनीच वापरला. वापरला आणि पुढे गेले.

आई चहा आणि उपमा घेऊन आल्या. सर उठून उभे राहिले, त्यांनी आईंच्या हातून ट्रे घेतला, “काकू, तुम्ही कशाला त्रास घेतलात” म्हणाले. उपम्याचा पहिला घास खाऊन डोळे मिटले. आई विरघळल्याच. रेवा शाळेत आहे, मंदार, म्हणजे माझा नवरा, अंबडच्या कारखान्यात आहे, संध्याकाळी येतो, ही सगळी माहिती त्यांनी दोन मिनिटांत देऊन टाकली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आई, काही सांगू नका हो या माणसाला.

फोन वाजला.

“स्पीकरवर ठेव,” सर म्हणाले. मग आईंकडे वळून, गोड आवाजात, “काकू, जरा ऑफिसचं बोलणं आहे.” आई ट्रे घेऊन आत गेल्या.

पलीकडे त्या मोठ्या कंपनीतर्फे बेंगळुरूहून बोलणारे जॉर्ज नावाचे गृहस्थ होते. इंग्रजीत बोलत होते, अगदी सभ्य. आधी म्हणाले, तुम्ही जे सांगाल ते आमच्यातच राहील, श्री. बोकील यांना ते कळणार नाही. श्री. बोकील चहाचा घोट घेत मान डोलावत होते.

“तुम्ही मोकळेपणानं बोलू शकता ना आत्ता?”

सरांनी भुवया उंचावल्या.

“हो,” मी म्हणाले.

मग मी सगळं म्हणून दाखवलं. कुटुंबासारखं जपतात. स्वतः पुढे होतात. कधी एकटं सोडलं नाही. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटत होता. अडखळले की सर बोटानं हवेत पुढचा शब्द लिहायचे. सिंगापूरचा डेमो सांगताना मी दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरून बसले. रिपोर्ट, शांतता, बिर्याणी, टाळ्या. सगळं सांगितलं.

“पुन्हा संधी मिळाली तर त्यांच्या हाताखाली काम कराल?”

हा प्रश्न घोकून घेतलेला नव्हता. सर माझ्याकडे बघत होते, हसत नव्हते.

“हो,” मी म्हणाले. “का नाही?”

जॉर्जनी आभार मानले. फोन बंद झाला. सरांनी समाधानानं उरलेला उपमा संपवला, रुमालानं तोंड पुसलं.

“छान. आता मी तुझ्या लोकांना उत्तर देतो. अर्थात माझं पत्र हातात पडल्यावर.” दारातून बाहेर पडता पडता ते सहज म्हणाले, “बघ, नाशिक लहान आहे. आपण सगळे एकमेकांच्या उपयोगी पडणारच.”

ते गेल्यावर आई म्हणाल्या, “किती साधा माणूस गं! एवढा मोठा साहेब आणि ट्रे हातात घेतला.” मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि भडाभडा ओकले.

मंदारला मी संध्याकाळी एवढंच सांगितलं की बोकील येऊन गेले. सिंगापूरच्या दिवसाबद्दल त्यालाही कधी सांगितलं नव्हतं. ऑफिसात त्रास होता, म्हणून सोडलं, इतकंच त्याला माहीत होतं. तो म्हणाला, “मग चांगलंच झालं की. तुझं काम लवकर होईल.” त्याचं काय चुकलं? माहीतच नाही त्याला.

दोन-तीन दिवस गेले असतील. मी रेवाला आणायला तिच्या खेळगटाच्या फाटकाशी उभी होते. फोन वाजला. अनोळखी नंबर.

“शलाका जोगळेकर? मी पद्मजा औसेकर बोलतेय, हैदराबादहून.” तिनं त्या मोठ्या कंपनीचं नाव घेतलं. चक्क मराठी बाई. “श्री. बोकील यांच्याबद्दल जरा बोलायचं होतं.”

“पण माझं जॉर्जशी बोलणं झालंय.”

“हो. पहिला फोन आम्ही वेळ ठरवून करतो. दुसरा न सांगता करतो. आमची पद्धतच आहे ती.”

न सांगता केलेल्या फोनांची मला धास्ती होती, आणि त्याचं कारण तिला कळणं शक्य नव्हतं. बोकील सरांची एक खोड होती. त्यांचा एक मित्र होता, तो आमच्या ऑफिसातल्या एकेकाला फोन करायचा आणि सांगायचा, मी नोकऱ्या लावून देणारा एजंट आहे, तुमच्यासाठी जागा आहे, सध्याचे साहेब कसे आहेत? जो मनातलं बोलला त्याची दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये हजेरी. आमच्यातल्या एका मुलाची नोकरी अशीच गेली होती, डबासुद्धा ऑफिसात विसरून. आता ही पद्मजा. आवाज गोड, मराठी स्वच्छ. मित्राची बायको असेल तर? मी आता तोंड उघडलं आणि ती सर्व ऐकून सरांना सांगणार असेल तर?

“तुम्ही खरंच त्याच कंपनीतल्या आहात, हे मला कसं कळणार?” मी विचारलं.

“बरोबर आहे तुमचं. मी तुम्हाला कंपनीच्या पत्त्यावरून मेल पाठवते, त्याला उत्तर दिलंत तरी चालेल. पण मग ते लेखी होईल, आमच्याकडे राहील. तुम्हाला ते हवंय का, विचार करा.”

लेखी म्हटल्यावर तर माझी आणखीच घाबरगुंडी उडाली. उद्या ते कुणाच्या हाती पडेल कुणी सांगावं? पुरावा मागावा तर तो माझ्याच गळ्याशी येणार. न मागावा तर ही बाई कोण आहे ते देवाला माहीत.

“मला जे सांगायचं ते मी सांगितलंय,” मी म्हणाले.

“ऐकलंय मी. म्हणूनच फोन केला. तुम्ही तिघांनीही म्हटलंय, कुटुंबासारखं जपतात. तिघांनीही तोच डेमोचा प्रसंग सांगितलाय, त्याच क्रमानं, बिर्याणीसकट. मी बारा-पंधरा वर्षं हेच काम करतेय. चांगल्या साहेबाबद्दल तीन माणसं तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. जाऊ दे, मी तुम्हाला फार काही विचारत नाही. एकच विचारते. तुमच्या एका सहकाऱ्यानं सांगितलं, की शलाकाला कुणी त्रास देऊ नये म्हणून सरांनी त्या खोलीचं दार लावून घेतलं होतं. ते दार आतून लावलेलं होतं की बाहेरून?”

फाटकातून मुलं बाहेर येत होती. पाठीवर दप्तरं, पायांत उलटसुलट बूट. मला आजूबाजूचं काही ऐकू येईना. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. नचिकेतनं नाही, गुरवनं नाही, ते तर दाराच्या पलीकडेच बसले होते.

मी विचार केला, असं मी म्हणणार नाही. विचार करायला भान होतं कुठं? ही सरांचं माणूस असेल तर नोकरी गेली, हे मला पक्कं कळत होतं, आणि तरी तोंडातून शब्द निघाला.

“बाहेरून.”

“किल्ली?”

“त्यांच्या खिशात. माझा फोनही काढून घेतला होता. लक्ष दुसरीकडे जायला नको म्हणून.”

“किती वेळ?”

“सकाळी आत घातलं. बाहेर काढलं तेव्हा सगळ्यांची जेवणं होऊन गेली होती.” मी फाटकापासून लांब, एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. “मला चौथा महिना होता. ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. मळमळत होतं, बाथरूमला जायचं होतं. मी दार वाजवलं. मग पुन्हा वाजवलं. बाहेरून सर म्हणाले, चूक सापडली की वाजव. हसले लोक. मला त्यांच्या ताटल्यांचे आवाज येत होते. बिर्याणीचा वास येत होता. शेवटी... शेवटी मला थांबता नाही आलं. कपडे ओले झाले. तसंच बसून मी ती चूक शोधली. सापडल्यावर दार उघडलं. मी ओढणी कमरेला गुंडाळून बाहेर आले आणि सर म्हणाले, टाळ्या वाजवा रे हिच्यासाठी. आणि सगळ्यांनी वाजवल्या.”

मग ती म्हणाली, “त्या दिवशी, जॉर्जशी बोलताना, ते तिथं होते का?”

“समोर बसले होते,” मी म्हणाले. “उपमा खात.”

“बरं,” ती हळूच म्हणाली. “मला एवढंच हवं होतं. तुमचं नाव कुठंही येणार नाही.”

फोन बंद झाला. रेवा येऊन माझी ओढणी ओढत होती. “आई, चल ना, आई.” घरी कशी आले ते मला आठवत नाही. सारखं एकच डोक्यात. नाव येणार नाही म्हणाली, पण आलं तर? ती कंपनीची नसली तर? मी दाराची वरची कडी लावून घ्यायला लागले. बेल वाजली की आधी खिडकीतून बघायचे. आई म्हणाल्या, “काय गं, चोरबीर आलेत का कॉलनीत?” पुण्याच्या कंपनीकडून काही येत नव्हतं. मी मेल उघडायचे, बंद करायचे. मंदारनं विचारलं, काय झालंय, तर त्याच्यावर खेकसले. त्याला सांगायचं म्हणजे ते सगळं पुन्हा एकदा म्हणायचं. तेवढा दम नव्हता.

आणि मग सरांचा फोन आला. दुपारी, भांडी घासत असताना. स्क्रीनवर त्यांचं नाव बघून माझ्या हातून कुकरचं झाकण निसटलं. उचलला नसता तर घरी आले असते. मी ओल्या हातानंच उचलला.

“शलाका.” आवाज अगदी खाली. मी कधी ऐकला नव्हता इतका खाली.

“हं सर.”

“नाही म्हणाले ते. कारण सांगत नाहीत. नुसतं, पुढे जायचं नाही असं ठरलंय म्हणे.” श्वास ऐकू येत होता. “कुणीतरी घाण केली. तिघांपैकीच कुणीतरी.”

मी ओट्याला टेकले. आता, आता म्हणतील.

“तू नाहीस,” ते म्हणाले. “तुझं तर मी समोर बसून ऐकलं. शब्द न् शब्द. त्या नचिकेत आणि गुरवचे फोन झाले तेव्हा मी नव्हतो ना. दोघांतला कोण ते मी काढतोच शोधून. सगळं करून दिलं रे यांना मी, सगळं!”

तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं की हसू, मला माहीत नाही. माझ्या घरात येऊन, माझ्या सोफ्यावर बसून, त्यांनी मला जखडून ठेवलं होतं, आणि आता त्यामुळेच मी सुटत होते.

“तुझ्या त्या पुण्याच्या लोकांना आज उत्तर देतो,” ते म्हणाले. “तू शब्द पाळलास. मी पाळतो माझा.”

“थँक यू सर,” मी म्हणाले. खरंच म्हणाले. जिभेला तीच सवय होती.

त्या रात्री मी मंदारला सगळं सांगितलं. सिंगापूरपासून. तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. “त्या माणसाला मी भेटतो,” म्हणाला. मी म्हणाले, “नको. आता काही नको. एकदा पत्र येऊ दे.” तरी मला धाकधूक होतीच. शब्द पाळतो म्हणाले खरं, पण सरांचा शब्द! उत्तरात काय लिहिलं असेल? एखादी खोच मारून ठेवली असेल तर?

शेवटी पुण्याहून फोन आला. तिथली मनुष्यबळ विभागातली मुलगी, आर्या नाव तिचं, चिवचिवतच बोलली.

“अभिनंदन मॅडम! तुमचं सगळं क्लिअर झालं. पत्र आज संध्याकाळपर्यंत येईल.”

मी खाली बसले. जमिनीवरच. रेवा तिच्या ठोकळ्यांशी खेळत होती, तिला मी मांडीत ओढलं. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

“आधीच्या सरांनी फार छान लिहिलंय तुमच्याबद्दल,” आर्या म्हणाली. “इतकं मोकळं सहसा कुणी लिहीत नाही. वाचून दाखवू?”

“दाखव ना.”

“‘कामात हुशार. स्वभावानं भित्री, त्यामुळे विश्वासाची. डोक्यावर उभं राहिलं की उत्तम काम करते. कितीही ताण दिला तरी तक्रार करणार नाही, वरिष्ठांच्या विरोधात कधी एक शब्द बोलणार नाही. याची मी स्वतः खात्री करून घेतली आहे.’” ती हसली. “खरं सांगू मॅडम, तुमच्या त्या मधल्या गॅपमुळे जरा अडलं होतं. पण आमच्या ढवळे सरांना, म्हणजे तुमच्या नव्या मॅनेजरना, हे इतकं आवडलं! म्हणाले, हीच पाहिजे, उद्याच घ्या. मग, सोमवारी जॉईन होताय ना?”

रेवा मांडीवरून उतरून गेली. मी फोन कानाशी धरून बसले होते. जी भीती गेली असं वाटलं होतं, ती तशीच परत आली. हे ढवळे सर कोण, कसे दिसतात, मला काही माहीत नव्हतं. त्यांना काय आवडलं, ते मात्र आता माहीत झालं होतं.

“मॅडम? आहात ना?”

“आहे,” मी म्हणाले. “ढवळे सरांच्या हाताखाली याआधी ज्या बाई होत्या, त्यांचा नंबर मिळेल का?”

“नंबर?” आर्या गोंधळली. “कशासाठी मॅडम?”

“मलाही चौकशी करायचीय,” मी म्हणाले.